दस्तगीर, तू ती भाकरी खाल्ली होतीस

दस्तगीर,

तुला मातीत ठेवलं त्या दिवशी तुझी दोनदा स्तुती झाली, आणि दोन्ही वेळा ती तुझी नव्हती.

पहिली कब्रस्तानातच झाली. माती देणं चालू असताना मौलाना जमलेल्यांना म्हणाले, "दस्तगीरभाई टीव्हीत काम करायचे, पण दीन सोडला नाही त्यांनी. रोजा मोडायचा सीन होता. काम गेलं तरी चालेल म्हणाले, पण पडद्यावरसुद्धा रोजा मोडणार नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी मातीची तिसरी मूठ टाकायला वाकलो होतो, तो तसाच राहिलो. शेवटी कुणीतरी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. म्हातारा गलबलला, असं त्यांना वाटलं असेल.

दुसरी स्तुती बाहेर, रस्त्याला उभ्या असलेल्या जीपपाशी झाली. तुमच्या गावच्या जत्रा कमिटीचा किसन चपलांची माती झटकत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मानूस वंगाळ न्हवता, मास्तर. धर्माचा जरा कडक. असतंय एकेकाचं."

एकाने तुला ज्या गोष्टीसाठी डोक्यावर घेतलं, तिच्यासाठीच दुसऱ्याने तुला मनातून उतरवलं होतं, आणि ती गोष्ट तू केलीच नव्हतीस. तिथे हे ठाऊक असलेला मी एकटा होतो. कारण ती मी रचली होती.

आज हे लिहून काढतो आहे. तू असताना लिहायला हवं होतं, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

तुला मी पहिल्यांदा पाहिलं ते तुमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात. तेव्हा मी पौडला शाळेत शिकवत होतो आणि आजूबाजूच्या गावांची नाटकं बसवून द्यायचो. तू दिवसा पौड–कोळवण वडापची जीप चालवायचास आणि संध्याकाळी ती देवळामागे लावून तालमीला यायचास. तुझे नाक-डोळे बघून मी तुला नायकाचं काम दिलं. तू दोन दिवस केलंस आणि तिसऱ्या दिवशी येऊन म्हणालास, "मास्तर, मला सावकाराचं काम द्या."

"अरे, तो लबाड आहे. मार खातो शेवटी."

"खाऊंद्या की. चांगल्या मानसाला नाटकात कामच काय असतं? नुसता हुबा ऱ्हातो. बोलतो कोन? लबाड बोलतो."

पुढे मी शाळा सोडून मालिका लिहायला लागलो, पण नाटक म्हणजे काय ते मला त्या वाक्याने जितकं शिकवलं तितकं दुसऱ्या कशाने शिकवलं नाही. आणि तेच वाक्य मी तुझ्यावर उलटवलं.

मालिकेचं नाव आता कुणाला आठवत नाही, तेव्हा लिहीत नाही. एका गावाची हसरी-दुखरी गोष्ट होती. शूटिंग जवळच्या रिहे गावात, एका फार्महाऊसच्या आवारात. त्यात मी गावचा मुलाणी घातला, बाबालाल, आणि तुला बोलावून घेतलं. बाबालाल म्हणजे बराचसा तूच होतास. तुमच्या गावच्या देवीच्या जत्रेत दुसऱ्या दिवशी बोकड पडतात. देवी हिंदूंची, बोकड हिंदूंचे आणि सुरी मुलाण्याची. मुलाण्याने बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय गावात कुणाच्या चुलीवर रस्सा चढत नाही. हा मान तुमच्या घराण्याचा, आणि नेमकं तुलाच रक्त बघवायचं नाही. भाऊ बोकड धरायचा, तू आभाळाकडे तोंड करून सुरी चालवायचास आणि मग विहिरीच्या काठावर जाऊन बसायचास. गाव तुला हसायचं, तूही हसायचास. मी ते उचललं. बाबालाल बोकड पाहिला की घाबरायचा. पत्त्यांत पानं लपवायचा. बायकोसाठी काढून ठेवलेली कलेजी स्वतः खायचा आणि मांजराचं नाव घ्यायचा. शुक्रवारच्या नमाजाला उशिरा पोचायचा आणि सगळ्यांत मागून सगळ्यांत मोठ्याने आमीन म्हणायचा.

लोकांना तो भलताच आवडला. कोळवणच्या बाजारात बाया तुला थांबवून विचारायच्या, "काय ओ, आज मांजर आलं का घरात?"

पण वाहिनीच्या माणसांना तुझी काळजी वाटे. दर बैठकीत कुणीतरी म्हणायचं, "मुस्लिम कॅरॅक्टर आहे, जरा सांभाळून." मी एकदा ते तुला सांगितलं तर तू जीपचं बॉनेट उघडून आत डोकं घातलेलं होतंस, तिथूनच म्हणालास, "सांभाळून म्हंजे? मी काय काच हाय का? तुमचा तो सोपानअण्णा दिवसभर चोऱ्या करतो, त्याला सांभाळायचं न्हाई?"

सोपानअण्णा म्हणजे मालिकेतला बाबालालचा दोस्त. माळ घातलेला, देवभोळा आणि तितकाच लबाड.

मग ती गंजीची गोष्ट आली. ती तूच दिलीस मला. चहा पीत असताना सहज सांगितलीस. तुमच्या गावात दोन पोरं होती, मिसरूड फुटलेली. एकाचा रोजा, दुसऱ्याची एकादशी, आणि दोघांच्या घरी बाप कडक. भर दुपारी दोघंही वेगवेगळ्या बाजूंनी एकाच गवताच्या गंजीमागे चोरून खायला गेले आणि समोरासमोर आले.

"त्यातला एक तू," मी म्हणालो.

"व्हय."

"दुसरा कोण?"

"त्याचं नाव न्हाई सांगायचं. शपथ हाय."

मी ती जशीच्या तशी लिहिली. बाबालाल आणि सोपानअण्णा, गंजी, तांदळाची भाकरी आणि सुकट. लिहिता लिहिता मी एकटाच हसत होतो. पन्नाशी उलटल्यावर लिहिताना हसू येणं म्हणजे काय असतं, ते लिहिणाऱ्यालाच कळतं.

"अण्णा, आज तुमची एकादशी न्हवं?"

"हाय की."

"मग ही सुकट?"

"पान्यातली हाय ती. उपासाला पानी चालतं."

"मग द्या मलाबी घोटभर."

"तुला रोज्याला पानीबी चालत न्हाई, लबाडा!"

शेवटी दोघं एकमेकांना गप्प राहायची शपथ घालतात. बाबालाल अण्णाच्या देवाची शपथ घेतो आणि अण्णा अल्लाची. आपापल्या देवाची घ्यायची हिंमत दोघांनाही होत नाही.

शूटिंग रमजानातच आलं. तुझा रोजा होता. दिग्दर्शक म्हणाला, पुढे ढकलू. तू म्हणालास, नको, उपाशी मानसासारखं तोंड आज फुकट मिळतंय. तू घास तोंडात घ्यायचास, चघळायचास, संवाद म्हणायचास आणि 'कट' झालं की गंजीमागे जाऊन थुंकून यायचास. गिळत नव्हतास. रोजा मोडल्याचा अभिनय तू रोजा सांभाळून करत होतास. स्पॉटदादा दर टेकला नवी भाकरी आणून देत होता. मग एका टेकला, 'लबाडा' या शब्दावर तुला खरंच हसू फुटलं, आणि हसता हसता घास खाली गेला.

तू एकदम थांबलास. सगळं युनिट थांबलं. तू गळ्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "गेला."

मी पुढे आलो. म्हटलं, दस्तगीर, माफ कर बाबा. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "माफी कसली? याद न्हवती ऱ्हायली, चुकून गेला. वर कळतं ते. पन आता टेक नीट करू." आणि पुढच्या टेकला तू ती भाकरी खरी खाल्लीस. अख्खी. सुकटीसकट. कॅमेरा बंद झाल्यावरही खात होतास. मग माझा डबा मागवून घेतलास आणि तोही संपवलास. म्हणालास, "एक रोजा नंतर धरीन. तुमच्या नावानं."

मालिकेच्या सगळ्या भागांत तो प्रसंग सगळ्यांत चांगला झाला होता. तो प्रेक्षकांनी कधीच पाहिला नाही. पाहिला तो अर्धा. सोपानअण्णा एकटाच गंजीमागे बसून एकादशीला सुकट खातो आणि दचकून इकडेतिकडे बघतो, एवढाच.

आता पहिली गोष्ट सरळ लिहितो. तुझा अर्धा भाग कापायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. वाहिनीने नाही, निर्मात्याने नाही. तुमच्या समाजातल्या कुणी तक्रार केली नव्हती, करायला त्यांनी तो पाहिलाच कुठे होता? निर्माता एवढंच म्हणाला, "मास्तर, तुम्ही बघा. लेखक तुम्ही." आणि एडिटिंगच्या खोलीत बसून मी बघितलं. अण्णाच्या लबाडीवर आमची माणसं हसतील याची मला खात्री होती. तुझ्या लबाडीवर 'ते' हसतील की नाही, हे मला ठरवता येईना. तू माझ्या शेजारच्या खोलीत चहा पीत होतास. मला उठून तुला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण त्या क्षणी मी तुझा विचार करत नव्हतो, 'त्यांचा' करत होतो. त्या 'ते'मध्ये तू नव्हतास. कोण होतं, तेही मला सांगता येणार नाही. मी त्यांच्यापैकी कुणाला कधी भेटलो नव्हतो.

तुला कळलं तेव्हा तू भडकला नाहीस. तेच मला जड गेलं. म्हणालास, "तुमी देव मानत न्हाई, म्हनून तुमाला आमच्या देवाची भ्या वाटती. मी मानतो. माझं त्याचं भांडन बी हुतं, मिटतं बी. तुमी कशाला मदी पडला?"

मी काहीतरी उत्तर दिलं असेल. काळ बरा नाही, असलं काहीतरी. काळ बरा नाही हे वाक्य मी इतक्या वेळा वापरलं आहे की कुठला काळ बरा होता ते मला आता सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट. तो भाग दाखवल्यावर पुण्यात पत्रकारांसमोर आम्हाला बसवलं होतं. मागच्या रांगेतून एकाने रागाने विचारलं, "थट्टा आमच्याच उपवासाची का? त्यांचा रोजा दाखवायची हिंमत नाही का?" प्रश्न खरा होता. उत्तर माझ्याजवळ होतं. प्रसंग लिहिला होता, झाला होता, मी घाबरून कापला. एवढंच. पण माझ्या तोंडून वेगळंच आलं. मी म्हणालो, "आमचे कलाकार दस्तगीर यांनी श्रद्धेपोटी तो प्रसंग करायला नकार दिला. आम्ही त्यांच्या भावनेचा आदर केला."

टाळ्या पडल्या, दस्तगीर. आदर हा शब्द आला की टाळ्या पडतातच. प्रश्न विचारणाराही गप्प बसला. मला हायसं वाटलं. त्या वेळी तू मुळशीच्या घाटात जीप चालवत होतास आणि तुला ठाऊकही नव्हतं की तू नकार दिला आहेस.

युनिटमधल्या सगळ्यांना खरं माहीत होतं. कुणी बोललं नाही. मालिकेवर सगळ्यांच्या चुली होत्या, आणि नंतर जो तो दुसऱ्या कामाला लागला.

तुझ्या गावात मात्र ते पोचलं. बाजारात मांजराची चौकशी करणाऱ्या बाया आता तुझ्याशी जपून बोलायला लागल्या. वडापमध्ये कुणीतरी मागच्या सीटवरून मोठ्याने म्हणायचं, "आमच्या एकादशीला हसायला बरं जमतं." त्या वर्षी जत्रेत कमिटीने बाहेरगावचा मुलाणी आणला. तुमच्या घराला कुणी काही बोललं नाही, फक्त बोलावणं आलं नाही. पिढ्यांचा मान असा न बोलता गेला. तू मला एवढंच म्हणालास, "बरं झालं. रगत बघायचं तरी टळलं." आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं. मी तुझं बोलणं लिहून पोट भरणारा माणूस, आणि तुझं ते एक वाक्य मला वाचता आलं नाही.

त्यानंतर मी बाबालालला चांगला केला. तुझी भरपाई करतो आहे असं वाटायचं मला. बाबालालने पत्ते सोडले. सोपानअण्णाला रक्त दिलं, रक्त बघून घाबरणारा बाबालाल! देवळाच्या पायऱ्या झाडल्या. सगळ्यांनी गुण्यागोविंदाने राहावं यावर लांबलचक बोलला. सेटवर तू कागद वाचून माझ्याकडे यायचास.

"मास्तर, ह्याला आता जांभई बी येत न्हाई."

"लोकांना आवडतोय तो."

"लोकास्नी आवडतोय. बायकोला आवडंल का ह्यो? भांडंल का ह्यो तिच्याशी? सोपान चोर हाय तरी गावात ऱ्हातो. मला गावात ऱ्हायाला देवमानूस का व्हावं लागतंय?"

मी कागद परत घेतला आणि एक वाक्य कमी केलं.

शेवटी बाबालालचं काय करावं हेच मला कळेना. लबाड माणसाला रोज नवं काम मिळतं, देवमाणसाला मरण्यावाचून काम उरत नाही. मी त्याला धरणात बुडवून मारला, एका पोराला वाचवताना. तू ते दृश्य केलंस, अंग पुसलंस आणि जीपमध्ये बसताना म्हणालास, "निदान कुनाच्या तरी कोंबड्या चोरताना तरी मारायचा." त्यानंतर टीव्हीवर तुला काम मिळालं नाही. दोन ठिकाणी तुझं नाव निघालं होतं, आणि दोन्ही ठिकाणी कुणीतरी म्हणालं, नको, तो सीन करायला नाही म्हणतो. हे मला त्याच बैठकांतल्या माणसांनी सांगितलं. त्यांनाही मी खरं सांगितलं नाही.

तरी आपली ये-जा राहिली. मी कोळवणच्या खोऱ्यात दोन खोल्यांचं घर घेतलं, तेही तूच शोधून दिलंस. माझे गुडघे गेल्यावर तू पाहुण्यासारखा यायचा नाहीस, घरच्यासारखा येऊन आधी चुलीवर काय आहे ते बघायचास. आपण नाटकांवर भांडलो, पावसावर भांडलो, तुझ्या भावाच्या जमिनीवर फार्महाऊस झालं त्यावर भांडलो. त्या एका गोष्टीवर मात्र कधी बोललो नाही. मी म्हणायचो, उकरून काय मिळणार? तू काय म्हणायचास ते मी ऐकलं नाही, कारण तू म्हणायचा नाहीस. शेवटच्या भेटीत तुला धाप लागत होती. माझ्या ओसरीवर बसून म्हणालास, "मास्तर, एक सावकाराचं काम लिवा की परत. मरायच्या आत एकदा लबाड होऊन घेतो." मी हसलो. लिहितो म्हणालो.

चाळिसावा दिवस झाल्यावर मी तुझ्या घरी गेलो. खैरूनभाभी इद्दतीत आहेत. नवऱ्यामागे बाईने चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून दारात पडदा सोडलेला. मी ओट्यावर, भाभी पडद्याआड. तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. सगळं सांगून झाल्यावर आतून बांगड्या नसलेल्या हातांनी तांदूळ निवडल्याचा आवाज येत राहिला.

मग म्हणाल्या, "मला ठावं हाय, मास्तर. त्यांनी तवाच सांगितलं हुतं."

"मग त्यांनी गावात का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. किसनभाऊला सांगाया गेलते. किसनभाऊ म्हनले, मास्तर शिकलेला मानूस, त्यो खोटं कशाला बोलंल? परत आले, जेवले न्हाईत. त्यांनी जेवन सोडल्याचं मी तेवढंच एकदा बघितलं."

तुझ्या बालपणापासूनच्या गावात तुझ्या शब्दापुढे माझा शब्द उभा राहिला आणि जिंकला. तो मी तिथे उभाही केला नव्हता.

"मशिदीत नाव निघालं तेचं बी," भाभी पुढे म्हणाल्या, "मौलानांनी सगळ्यांम्होरं वाखानलं. घरी येऊन हसले, हसता हसता खोकला लागला. म्हनले, मास्तरनं मला हितं बी संत करून ठेवलं."

मी विचारलं, "भाभी, मी हे खरं लिहिणार आहे. पण लिहिलं तर मशिदीतला तो मान जाईल त्याचा. तुम्ही सांगाल तसं करतो."

तांदळांचा आवाज थांबला. "ते गेल्यापासनं जो येतो तो त्यास्नी चांगलं म्हनतो. कडक हुते, नेक हुते, कुनाला दुखावलं न्हाई. मला वळखूच येईना मास्तर, कोन गेलंय ह्या घरातनं. तुमी लिवा. भाकरी खाल्ली लिवा. रोजा नंतर धरला ते बी लिवा, धरला हुता त्यांनी, ईद झाल्यावर, आन् दिसभर तुमाला शिव्या घालत हुते."

तिथून मी किसनकडे गेलो. मौलानांकडे दुसऱ्या दिवशी गेलो, ते ऐकून म्हणाले, नंतर धरला ना, मग आपण कोण बोलणार. पुढच्या शुक्रवारी ते दुरुस्त करतील. पण किसनकडे जाणं मला जास्त जड होतं. तो अंगणात बसून विळ्याला धार लावत होता. मी उभ्यानेच सांगितलं. प्रसंग दोघांचा होता, तू तो केलास, मी तो कापला, आणि नाव तुझं घेतलं.

किसनने विळा खाली ठेवला. "परत सांगा. त्यानं सोताचंबी सांगितलं हुतं?"

"दोघांचं. आधी स्वतःचं. दुसऱ्याचं तर नावही सांगितलं नाही, शपथ आहे म्हणाला."

"ती गंजी आमची हुती, मास्तर."

मला समजायला थोडा वेळ लागला. किसन जमिनीकडे बघत बोलत होता. "माझा बाप माळकरी. टीव्हीवर ते लागलं तवा आमी समदी घरात बसून बघत हुतो. गंजी तीच, एकादशी तीच, सुकट तीच. म्या म्हनलं, शपथ मोडली ह्यानं, माझी तेवढी चोरी गावाला दावली आन् सोताची झाकून ठिवली. ह्याचा रोजा तेवढा सोवळ्यातला." त्याने वर पाहिलं. "दोघांची मोडली असती तर हसलो असतो ओ मी. गावभर सांगितलं असतं, त्यो मीच म्हनून."

मग त्याने विचारलं, "म्हंजे खाल्ली त्यानं भाकरी?"

"खाल्ली."

"अख्खी?"

"अख्खी. वर माझा डबा."

किसनच्या तोंडावर काय आलं ते मी नाव देऊन सांगू शकत नाही. त्याने उपरण्याने डोळे पुसले आणि नाक पुसलं आणि उठला. "चला."

"कुठं?"

"त्याच्या घरी. आनखी कुटं?"

इतक्या वर्षांनी तो तुझ्या ओट्यावर चढला. पडद्यासमोर हात जोडून उभा राहिला, आणि मला वाटलं आता जत्रेबद्दल बोलेल, मानाबद्दल बोलेल, माफी मागेल. ते त्याने नंतर केलं, तुझ्या भावाला बोलावून, नीट. पण आधी जे त्याच्या तोंडून निघालं ते हे:

"भाभी, त्या दिशी गंजीमागं भाकरी एकच हुती. मोठा तुकडा त्यानंच घेतला."

मग भाभी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हसण्याचा की रडण्याचा ते मला अजून सांगता येत नाही, "मला काय सांगता, किसनभाऊ. घरात तरी दुसरं काय करायचे?"

दस्तगीर, त्या दुपारी तुझ्या ओट्यावर तुला कुणीही चांगला म्हणालं नाही.